पियानोखालची खरखर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं लागेल. तू साउंड शिकते आहेस आणि मित्राच्या वीस मिनिटांच्या लघुपटाला संगीत देते आहेस. दिग्दर्शकाने नमुना म्हणून नाइन इंच नेल्सचे काही संथ तुकडे हातात दिले. तू लिहितेस, "सर, मी पियानो हळू वाजवला, रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) भरपूर दिला, तरी माझं काम झोप येण्यासाठी लावतात त्या संगीतासारखं झालं. त्यांचं ऐकताना मात्र पोटात खड्डा पडतो. हा बँड तर आरडाओरड्यासाठी प्रसिद्ध आहे ना? मग हे त्यांना कसं जमतं?"

गेली बावीस वर्षं मी रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय आणि हा बँड त्याच्याही आधीपासून ऐकतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात माणसापासून करू. नाइन इंच नेल्स हा बँड १९८८ साली ओहायोतल्या क्लीव्हलँडमध्ये सुरू झाला, आणि बँड म्हणजे बरीच वर्षं मुख्यतः एकच माणूस: ट्रेंट रेझ्नर. तो वाढला पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर नावाच्या छोट्या गावात, आजी-आजोबांकडे, आणि लहानपणापासून शिकला तो पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो. क्लीव्हलँडच्या एका स्टुडिओत तो साफसफाईपासून पडेल ते काम करायचा आणि स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करायचा. त्यातून १९८९ चा पहिला अल्बम उभा राहिला, 'प्रिटी हेट मशीन'. त्या अल्बममध्ये ठोके आहेत, सिंथेसायझर आहेत, चीड आहे. आणि मधोमध 'समथिंग आय कॅन नेव्हर हॅव' नावाचं एक गाणं आहे, ज्यात पियानोचे मोजके सूर पुन्हा पुन्हा येतात आणि लांबून कारखान्यासारखी धडधड ऐकू येते. म्हणजे हळू आवाजातली बाजू या बँडला नंतर सुचलेली नाही, ती पहिल्या दिवसापासून घरातच होती. मशीन नंतर आली, पियानो आधीचा.

आता तुझ्या प्रश्नाचा गाभा. तू पियानो शांत केलास आणि त्याच्या आजूबाजूचं सगळंही शांत करून टाकलंस. रेझ्नर पियानो शांत करतो आणि खोली जागी ठेवतो. त्याच्या संथ तुकड्यांमध्ये वरचा थर अगदी साधा असतो, शाळकरी मुलाला वाजवता येईल इतका. खाली मात्र काहीतरी चालू असतं: खरखर, घरघर, एखादा सूर किंचित बेसूर, दूरवरून काहीतरी सरकल्याचा आवाज. मोठ्या गाण्यांत जो कच्चा माल तो तोंडावर फेकतो, तोच इथे जमिनीखाली पुरून ठेवलेला असतो. पोटात जो खड्डा पडतो तो त्या पुरलेल्या मालामुळे.

'हर्ट' घे. १९९४ च्या 'द डाउनवर्ड स्पायरल' या अल्बममधलं शेवटचं, चौदावं गाणं. बहुतेकांना ते अमेरिकी कंट्री गायक जॉनी कॅशच्या आवाजात माहीत असतं. पण मूळ गाणं हेडफोन लावून ऐक. गाणं सुरू होण्याआधीच वारा सुटल्यासारखी खरखर सुरू होते आणि ती जातच नाही. मग गिटार. पहिल्या ओळींखाली गिटारवर एक सूर असा धरलाय की षड्जाशी त्याचं अंतर तीव्र मध्यमाचं पडतं. आपल्याकडे तीव्र मध्यम ऐकला की कान आपोआप पंचमाची वाट बघतो. मारवा थाटाचं ज्यांनी थोडंफार ऐकलंय त्यांना ही ओढ ठाऊक आहे. रेझ्नर त्या पंचमावर जातच नाही, तीव्र मध्यम तसाच टोचत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा तिथेच येतो. गाणारा जवळजवळ कुजबुजतोय, आवाज अगदी लहान आहे, आणि तरीही ऐकणाऱ्याला बसल्या जागी नीट टेकता येत नाही. ध्रुवपदात कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) भरून येतात, तेव्हा कुठे जरा सुटका होते.

कॅशने २००२ मध्ये रिक रुबिनच्या निर्मितीत हे गाणं केलं तेव्हा तो टोचणारा सूर काढून सरळ साधे कॉर्ड घेतले. त्या गाण्यात काट्याचं काम कॅशचा थकलेला, चिरलेला गळा करतो, म्हणून तिथे तो सूर लागत नाही. दोन्ही रूपं मला जिवाच्या जवळची आहेत. पण तुला शिकायचं असेल तर दोन्ही लागोपाठ ऐक आणि कागदावर लिही की अस्वस्थपणा कुठल्या जागेवरून येतोय. एकात तो स्वरांच्या अंतरात आहे, दुसऱ्यात गळ्यात. तुझ्या पियानोत तो कुठेच नाहीये, एवढीच अडचण आहे. (कॅशच्या गाण्याचा व्हिडिओ मार्क रोमानेकने केलाय. 'क्लोजर' या नाइन इंच नेल्सच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा व्हिडिओही त्याचाच.)

'क्लोजर'चा विषय निघालाच आहे तर त्याचा शेवट ऐक. पाच-सहा मिनिटं ठोका, बेस, थरावर थर चढत जातात आणि मग सगळं एकदम कापलं जातं. उरतो एकटा पियानो, खाली उतरत जाणारी छोटीशी धून. तीच धून अल्बमच्या शीर्षकगीतात पुन्हा भेटते. 'मार्च ऑफ द पिग्स'मध्येही असंच: तीन वेळा सातची आणि एकदा आठची मोजणी करत गाणं अंगावर धावून येतं, आणि मध्येच थांबून पियानोचा एक निरागस तुकडा वाजतो. हा माणूस आवाज वाढवतो तो शांततेला धार लावण्यासाठी, असं मला आज इतक्या वर्षांनी वाटतं.

त्याच अल्बमवर दहावा आहे 'अ वॉर्म प्लेस'. शब्द नाहीत, ठोके नाहीत, जेमतेम साडेतीन मिनिटं. हा तुकडा ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीच्या १९८० च्या 'क्रिस्टल जपान' या वाद्यरचनेच्या फार जवळचा आहे, दोन्ही लागोपाठ लावलेस तर लगेच कळेल. यात लपवण्यासारखं काही नाही. बोवीचा १९७७ चा 'लो' हा अल्बम रेझ्नरने त्या काळात भरपूर ऐकला होता, आणि 'लो'ची दुसरी बाजू जवळपास पूर्ण वाद्यसंगीताची, संगीतकार ब्रायन ईनोच्या साथीने केलेली. पुढे १९९५ मध्ये बोवी आणि रेझ्नर यांनी एकत्र दौरा केला आणि मंचावर 'हर्ट' दोघे मिळून गायचे.

'अ वॉर्म प्लेस'चं माझं निरीक्षण जागेबद्दल आहे. त्याच्या आधीचा ट्रॅक अल्बममधल्या सगळ्यात हिंसक ट्रॅकांपैकी एक. तो संपतो आणि हा सुरू होतो तेव्हा कान अजून दुखत असतात. त्या दुखऱ्या कानांना तो मऊ सूर जसा लागतो तसा तो एकटा काढून ऐकला तर लागत नाही. मी एकदा तो एका प्लेलिस्टमध्ये टाकला होता आणि दोनदा ऐकून काढून टाकला. छान होता, बस्स, छान.

इथे कामाची एक गोष्ट. स्ट्रीमिंग अॅप आवाजाची पातळी सारखी करतात. सुटे ट्रॅक मिसळून लावलेस की अॅप हळू ट्रॅक वर उचलतं आणि मोठा खाली आणतं. मग रेझ्नरने महिनोन्महिने बसून जे उंच-सखल बांधलं ते सपाट होतं. अभ्यास करताना ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद कर आणि अल्बम क्रमाने ऐक. आणि आवाजाची पातळी अल्बममधल्या सर्वात मोठ्या ट्रॅकवर ठरव. 'हर्ट' इतकं हळू सुरू होतं की हात आपोआप आवाज वाढवायला जातो, आणि शेवटचा डिस्टॉर्शनने फाटलेल्या गिटारचा आघात मग कानाचा पडदा फाडतो. एकदा मी ही चूक केली आहे, तू करू नकोस.

पुढचा टप्पा १९९९ चा 'द फ्रॅजाइल'. दोन तबकड्या, तेवीस ट्रॅक, न्यू ऑर्लिन्समध्ये पूर्वी अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्या एका वास्तूत थाटलेला स्टुडिओ. या अल्बमचं पहिलं एकल गाणं 'द डे द वर्ल्ड वेंट अवे' यात तालवाद्याचा एक ठोका नाही. ठोक्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या बँडने पाच वर्षांनी परत येताना हे करावं, हे धाडस आजही मला मोठं वाटतं. गाणं बिलबोर्डच्या (अमेरिकेतल्या गाण्यांच्या लोकप्रियतेच्या) मुख्य यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि त्या यादीत ही त्यांची सगळ्यात वरची जागा.

पण माझं मन या अल्बममध्ये दोन ठिकाणी अडकतं. पहिलं 'द फ्रेल', दोन मिनिटांहूनही छोटा पियानोचा तुकडा. त्यात जी धून आहे तीच थोड्या वेळाने 'द फ्रॅजाइल' या गाण्यात शब्द घेऊन येते. आधी धून नुसती सांगितली, नावगाव न सांगता, मग तिला आवाज दिला. लघुपटासाठी ही युक्ती सोन्यासारखी आहे: पात्र पडद्यावर येण्याआधी त्याची धून येऊन गेलेली असू दे. कुणाला आठवणार नाही, पण कानाला ओळखीचं वाटेल.

दुसरं 'ला मेर'. पियानोवर एक छोटी आकृती गोल गोल फिरत राहते. तिच्याखाली बेस येतो, मग ड्रम येतात, एक स्त्री क्रिओल भाषेत काही पुटपुटते. पियानो सुरुवातीला जे वाजवत होता तेच शेवटीही वाजवतो, बदलतं ते भोवतालचं पाणी. आपल्याकडे लेहरा धरणारा सारंगीवाला किंवा हार्मोनियमवाला तीच ओळ तासभर वाजवतो आणि तबलजी वर हवं ते करतो. कान त्या ओळीला घट्ट धरून असतो म्हणून तबलजीला मोकळं फिरता येतं. 'ला मेर' ऐकताना मला दरवेळी ते आठवतं. तू तुझ्या फायलीत दर आठ मात्रांनी धून बदलली आहेस. बदलू नकोस. एक धून निवड, तिच्यावर विश्वास ठेव आणि बाकीचं हलू दे.

यानंतर २००२ चा 'स्टिल'. तुला एकच अल्बम ऐकायला वेळ असेल तर हा ऐक. दौऱ्याच्या ध्वनिमुद्रणाच्या विशेष आवृत्तीबरोबर ही वेगळी तबकडी निघाली होती, त्यामुळे अनेकांच्या नजरेतून सुटली. नऊ ट्रॅक. काही जुनी गाणी सोलून पियानोवर आणलेली, काही नवे वाद्यतुकडे. यातलं 'द बिकमिंग' बघ. १९९४ च्या मूळ रूपात ते माणूस मशीन होत चालल्याचं गाणं, किंकाळ्या आणि यंत्रांनी भरलेलं. इथे यंत्रं काढून टाकली आहेत आणि तेव्हा लक्षात येतं की खाली किती भक्कम रचना होती. गाण्याची ही खरी परीक्षा असं मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो: सगळे प्लगइन (आवाज बदलणारी सॉफ्टवेअर) बंद कर, एका पियानोवर वाजव. उभं राहिलं तर पुढे जा. 'स्टिल'चा शेवटचा तुकडा 'लीव्हिंग होप' मी कामाच्या दिवसांत मुद्दाम ऐकत नाही, कारण नंतर तासभर दुसरं काही ऐकवत नाही.

२००५ च्या अल्बममधलं 'राइट व्हेअर इट बिलॉन्ग्स' साउंडवाल्यांसाठी वेगळं काढून ठेवावं असं आहे. अर्धं गाणं दबलेलं, बंद दाराआडून आल्यासारखं वाजतं. वरच्या फ्रिक्वेन्सी नाहीतच. मग मध्येच पडदा दूर होतो, आवाज स्वच्छ होतो आणि मागे गर्दीचा जल्लोष ऐकू येतो. एकही नवा सूर न लावता त्याने गाण्याचा अर्थ फिरवला. फिल्टर म्हणजे आवाज सुधारायचं हत्यार, असं तुला शिकवलं असेल. इथे तो कथा सांगतोय.

२००८ च्या 'घोस्ट्स १–४'बद्दल तू विचारलं आहेस की हे लघुपटात वापरता येईल का. छत्तीस वाद्यतुकडे, दहा आठवड्यांत केलेले, तुकड्यांना नावं नाहीत, नुसते क्रमांक. रेझ्नरबरोबर अॅटिकस रॉस होता, जो पुढे २०१६ मध्ये बँडचा अधिकृत सदस्य झाला. अल्बम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली काढला, पहिले नऊ तुकडे फुकट, सगळे छत्तीस पाच डॉलरला. परवान्याच्या अटी तीन: श्रेय द्यायचं, व्यावसायिक वापर करायचा नाही, आणि त्यावर बेतलेलं काम त्याच अटींवर खुलं करायचं. तुझा लघुपट कॉलेजात दाखवून थांबणार असेल तर या अटी पाळता येतील. उद्या तो विकायचा झाला, जाहिराती लावून टाकायचा झाला, तर वेगळी परवानगी घ्यावी लागेल. यातल्या चौतिसाव्या तुकड्यातला बॅंजो एका तरुण डच निर्मात्याने उचलला आणि त्यावर अमेरिकी रॅपर लिल नास एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' उभं राहिलं. २०१९ मध्ये ते बिलबोर्डवर १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि रचनाकार म्हणून रेझ्नर-रॉस यांची नावं लागली. शांत कोपऱ्यात ठेवलेला एक तुकडा कुठे जाऊन पोचतो बघ. मार्च २०२० मध्ये, सगळं जग घरात बसलेलं असताना, याच मालिकेचे पाचवा आणि सहावा भाग त्यांनी फुकट दिले. पाचव्यात धीर आहे, सहाव्यात भीती. ते दिवस मी पाचव्यावर काढले.

आता सिनेमा, कारण तुझं काम तिथलं आहे. 'द सोशल नेटवर्क'च्या संगीतासाठी रेझ्नर आणि रॉस यांना २०११ चं ऑस्कर मिळालं. त्यातली मुख्य धून पियानोची, अगदी थोड्या सुरांची, आणि खाली एक अस्वस्थ गुणगुण. ही धून चित्रपटात पुन्हा येते तेव्हा ती वेगळी वाजवलेली नाही; माइक पियानोपासून दूर नेत नेत ध्वनिमुद्रित केली आहे. पहिल्यांदा पियानो जवळ आहे, पुढे तो लांब जातो. मुख्य पात्र एकटं पडत जातं हे त्यांनी माइकच्या स्टँडने सांगितलं.

हे वाचलं तेव्हा मी स्वतः करून बघितलं. पुण्यात एका जुन्या शाळेच्या सभागृहात एक उभा पियानो आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दोन-तीन पट्ट्या अडकतात, सूर खाली-वर होतात. मी पाच सुरांची एक ओळ घेतली आणि तीनदा वाजवून घेतली. पहिल्यांदा माइक हातोड्यांपासून एक वीतभर. हातोडीवरच्या नमद्याचा (लोकरी थराचा) तारेवर पडण्याचा मऊ धप्प, पेडल सुटताना लाकडाची कुरकुर, वाजवणाऱ्या मुलीचा श्वास, सगळं आलं. ऐकताना वाटत होतं की ती आपल्याच शेजारी बसली आहे. दुसऱ्यांदा माइक आठ फुटांवर. श्वास गेला, खोली आली. तिसऱ्यांदा माइक सभागृहाच्या दाराबाहेर, व्हरांड्यात. आता पियानो कमी आणि व्हरांडा जास्त: पावसाची पागोळी, कुठेतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आणि त्यामागे ती ओळ, जणू कुणीतरी विसरून गेलेली. सूर तेच पाच, वाजवणारी तीच. पहिली ओळ आपुलकीची वाटली, तिसरी ऐकताना घशाशी आलं. रिव्हर्बचं बटण फिरवून तिसरी मिळत नाही. रिव्हर्ब पियानोला मोठ्या खोलीत नेतो. व्हरांड्यातला माइक ऐकणाऱ्याला खोलीच्या बाहेर काढतो.

हा धडा मला आधी मिळाला असता तर एक चूक टळली असती. एका प्रायोगिक नाटकासाठी मी पियानोचा तुकडा ध्वनिमुद्रित केला होता आणि रात्रभर बसून त्यातली खरखर, श्वास, बाकाची कुरकुर, सगळं धुऊन काढलं. दिग्दर्शक बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "स्वच्छ झालंय रे, पण घरात कुणी राहत नाहीये." मूळ फाइल मी ठेवली नव्हती.

तुझी दुसरी शंका, ते झोपेच्या संगीतासारखं होण्याची, यावर 'गॉन गर्ल'चा दाखला आहे. २०१४ चा चित्रपट, दिग्दर्शक डेव्हिड फिंचर. पाठीच्या उपचाराला गेले असताना तिथे लावलेलं गुळगुळीत संगीत फिंचर यांनी ऐकलं आणि रेझ्नरला सांगितलं की मला असंच हवंय, दिलासा देण्याचं सोंग करणारं. म्हणून त्या चित्रपटाचं संगीत वरून गोड आहे आणि हळूहळू आतून कुजत जातं. म्हणजे तुझ्याकडून जे चुकून झालं ते काम त्यांनी जाणूनबुजून सुरुवातीचा बिंदू म्हणून घेतलंय. तुझी फाइल फेकून देऊ नकोस. तिच्यातली गोडी तशीच ठेव आणि तिच्याखाली काय सडतंय ते शोध.

तर प्रत्यक्ष काय करायचं. सॅम्पल लायब्ररीतला (आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या सुरांच्या संग्रहातला) भव्य ग्रँड पियानो बंद कर. खरा पियानो मिळत नसेल तर लायब्ररीतला उभा, नमदा लावलेला आवाज घे. क्वांटाइझ (सूर मात्रेवर अचूक बसवणारी सोय) काढ, मात्रा थोड्या मागेपुढे राहू देत. धून एकच, पाच-सहा सुरांची, आणि त्यातला एक सूर असा ठेव जो घरी पोचत नाही. लघुपटात ती म्हातारी आजी ज्या खोलीत बसते, त्या खोलीतला नुसता शांततेचा आवाज दहा मिनिटं टिपून आण: पंख्याची घरघर, फ्रिजचं कंप्रेसर, खाली रिक्षा वळल्याचा आवाज. हे सगळं दोन सप्तकं खाली उतरव, पातळी इतकी कमी ठेव की लक्ष दिलं तरच ऐकू येईल, आणि पियानोखाली अंथर. ज्या प्रसंगात मुलगा फोन ठेवतो, तिथे पियानो काढ आणि नुसती ती घरघर चालू राहू दे. चार सेकंद पुरतील, सहा जमले तर उत्तम. ती धून पुन्हा येईल तेव्हा माइक दाराबाहेर असू दे.

शनिवारी दुपारी मी स्टुडिओत आहे. फाइल घेऊन ये, आणि आवाज स्वच्छ करायच्या आधीची आण.